जुन्या घरातील वास: रंगारी बोलावण्याआधीची कामे

शहापूर, वडगाव किंवा अनगोळसारख्या बेळगावच्या जुन्या वस्तीत, खानापूरकडे जांभ्याच्या भिंतींचे, किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजूला दगड-मातीचे जुने घर विकत घेतले की बहुतेक कुटुंबांचा पुढचा क्रम ठरलेला असतो. खरेदीखत नोंदले जाते, किल्ल्या हातात येतात, दुसऱ्याच दिवशी रंगारी येतो, मग वास्तुशांती होते आणि टेंपोतून सामान उतरते. या लेखात सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे. घरात कसलाही जुना वास असेल, तर रंगारी सर्वांत शेवटी यावा, आणि त्याच्याआधी जी कामे करायची ती इथे दिल्याप्रमाणे एकामागून एक करावीत.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. शहापुरात आम्ही घेतलेले कौलारू घर मार्च महिन्यात ताब्यात आले, तेव्हा त्यात मंद कुबट वास होता. घर बंद होते म्हणून वास येतो, असे सगळ्यांनी सांगितले आणि आम्हालाही ते पटले. भिंतींना दोन हात प्लास्टिक रंग दिला, स्वयंपाकघरात जुन्या शहाबादीवरच नवी फरशी बसवली, आणि एप्रिलमध्ये घर नव्यासारखे दिसू लागले. मृगाचा पाऊस पडेपर्यंत सारे ठीक होते. आषाढात मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून गटाराचा वास येऊ लागला आणि माजघराच्या भिंतीवरचा नवा रंग पापडासारखा फुगला. नव्या फरशीखाली जुन्या मोरीच्या नळाचे उघडे तोंड तसेच राहिले होते. ते बुजवण्यासाठी दोन महिन्यांपूर्वीची फरशी फोडावी लागली.

वास ओळखणे

पहिले काम फुकट आहे, पण त्याला एक दिवस द्यावा लागतो. सर्व दारे-खिडक्या लावून घर एक रात्र बंद ठेवावे आणि सकाळी एकट्याने आत जावे. आत गेल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत नाकाला जे कळते तेच खरे, कारण त्यानंतर नाक त्या वासाला सरावते आणि वास गेला असे वाटू लागते. प्रत्येक खोलीनंतर बाहेर अंगणात येऊन चार श्वास घ्यावेत आणि मग पुढच्या खोलीत जावे. जमिनीजवळ वाकून, भिंतीला नाक लावून, कपाटाचे खण उघडून, जिन्याखाली आणि माळ्यावर चढून वास घ्यावा. जिथे वास तीव्र असेल तिथे खडूने फुली मारावी. आपल्याकडे गवंडी, म्हणजे गौंडी, बऱ्याचदा कन्नड बोलणारा असतो आणि घरमालक मराठी. दोघांनाही एकमेकांचे बोलणे समजते, तरीही तोंडी दाखवलेली जागा संध्याकाळपर्यंत दोन हात सरकते, खडूची फुली मात्र तिथेच राहते.

हीच तपासणी शेजारच्या एखाद्या मावशींना बोलावून पुन्हा करावी. त्यांचे नाक ताजे असते, आणि त्यांना घराचा इतिहासही ठाऊक असतो. मागे गोठा होता का, माळ्यावर काय साठवत, जुना संडास कोणत्या कोपऱ्यात होता, हे विक्रेता सांगेलच असे नाही, शेजारीण सांगते. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा किंवा दूधगंगेच्या काठच्या गावातले घर असेल, तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत पाणी कुठवर आले होते, हे अवश्य विचारावे. बेळगाव शहरातही बळ्ळारी नाल्याच्या आसपासच्या घरांबाबत हा प्रश्न विचारायला हवा. पुराचे पाणी ओसरले तरी गाळ फरशीखाली, भिंतीतल्या कपाटांच्या मागे आणि चौकटींच्या फटींत बसून राहतो, आणि दर पावसाळ्यात त्याचा वास पुन्हा उठतो.

वासाचे नाव नीट ठेवता आले की अर्धे निदान होते. कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. कोंदट वास म्हणजे केवळ हवा न खेळल्याचा. तो दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला पाहिजे. सडक्या अंड्यासारखा वास गटाराचा किंवा शौचटाकीचा असतो. नाकाला झोंबणारा, चुन्यात नवसागर मिसळल्यासारखा वास मूत्राचा, मग ते गुरांचे असो, मांजराचे असो वा वटवाघळांचे. खवट वास जुन्या तेलाचा आणि काजळीचा. कस्तुरीसारखा पण उबग आणणारा वास चिचुंदरीचा. गोडसर कुजका वास अचानक सुरू झाला आणि रोज वाढत गेला, तर कुठेतरी उंदीर मरून पडला आहे.

दोन वासांच्या बाबतीत मात्र शोध घेत बसू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून दारे उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. दुसरा वास जळक्या प्लास्टिकचा, किंवा कधी चक्क मासळीसारखा, विजेच्या बोर्डाजवळ येतो. जुनी वायर किंवा सॉकेट तापत असल्याची ती खूण आहे. मेन स्विच बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे, आणि जुन्या घरात तशीही संपूर्ण वायरिंग एकदा तपासून घ्यावी.

घर रिकामे करणे

आधीच्या मालकाने सोडलेली एकही मऊ वस्तू ठेवू नये. गाद्या, उशा, पडदे, गोणपाट, माळ्यावरची वर्तमानपत्रांची थप्पी, कपाटाच्या खणांत अंथरलेले कागद, देवघरातील जुनी आसने, ही सारी वास शोषून घेतात आणि सावकाश सोडत राहतात. एखादे शिसवी कपाट किंवा पलंग ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे. तो अंगणात काढून तीन-चार दिवस उन्हात ठेवावा, खण वेगळे करून पालथे घालावेत, आणि आतील बाजू कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाळवावी. लाकूड पूर्ण कोरडे झाले आणि तरीही वास राहिला, तर आतून चपडा लाखेचे पॉलिश मारावे. लाख वास आतच कोंडून ठेवते, हे आपल्या सुतारांना पूर्वापार माहीत आहे. डांबरगोळ्या मात्र खणांत भरून ठेवू नयेत, विशेषतः घरात तान्हे मूल असेल तर. काही बाळांच्या रक्तावर त्यांचा घातक परिणाम होतो.

निपाणीकडील घर असेल तर तंबाखूची वखार म्हणून एखादी खोली वापरली गेली होती का, हे पाहावे. संकेश्वरकडे मिरचीची पोती ठेवलेली असतात. हे वास सुक्या धुळीत असतात. तुळया, कौलांखालच्या रिपा, भिंतीतले कोनाडे यांवर ती धूळ वर्षानुवर्षे साचते. झाडूने झाडली तर ती फक्त जागा बदलते आणि झाडणाऱ्याच्या छातीत जाते. म्हणून मास्क लावून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी, मग ओल्या फडक्याने पुसावे. वरून खाली यावे, म्हणजे आधी छप्पर, मग भिंती, शेवटी जमीन.

मोरी, ट्रॅप आणि शौचटाकी

माझ्या अनुभवात जुन्या घरांतील सर्वांत त्रासदायक वास मोरीतून आणि संडासातून येतो, आणि त्याचे कारण अनेकदा अगदी क्षुल्लक असते. न्हाणीघराच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहावे लागते. तेच पाणी गटारातील वायूला अडवते. घर काही महिने बंद राहिले की ते पाणी वाळून जाते आणि गटाराची वाट थेट घरात उघडते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि संडासात बादलीभर पाणी ओतून घर पुन्हा रात्रभर बंद ठेवावे. सकाळी वास नाहीसा झाला असेल तर खर्च शून्य. नंतरही वापरात न येणारी एखादी मोरी राहणार असेल, तर तिच्यात पाणी ओतल्यावर वरून चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी फार हळू वाळते.

पाणी ओतूनही वास राहिला तर ट्रॅप आहे की नाही, हेच आधी पाहावे. आपल्याकडच्या जुन्या घरांत मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून किंवा चिनी मातीच्या सरळ नळातून बाहेरच्या उघड्या गटारात जात असे, आणि मध्ये अडथळा काहीच नसे. पुढे भुयारी गटार आले, बाहेरचे गटार झाकले गेले आणि तोच नळ चेंबरला जोडला गेला. पूर्वी उघड्यावर विरणारा वायू आता त्या नळातून उलटा घरात येतो. अशा ठिकाणी आत, जाळीखाली, नहाणी ट्रॅप आणि बाहेर, जोडणीच्या आधी, गल्ली ट्रॅप (इंग्रजीतला ‘गली ट्रॅप’, म्हणजे घराबाहेरचा पाणी धरून वायू अडवणारा ट्रॅप) बसवून घ्यावा. जोडणीत बदल करायचा असेल तर शहरात महानगरपालिकेकडे, निपाणीसारख्या गावी नगरसभेकडे आणि खेड्यात ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करावी, म्हणजे रस्ता खोदल्यावर वाद होत नाही.

वापरातून गेलेल्या नळांची तोंडे शोधणे हे त्याहून कंटाळवाणे, पण टाळता न येणारे काम आहे. जुनी मोरी कुठे होती, बंबाचे पाणी कुठून जात होते, पूर्वीचा संडास मागच्या अंगणात होता तर त्याची टाकी बुजवली का, हे एकेक करून पाहावे. तोंड सापडले की त्यात फडके कोंबून वरून सिमेंट थापणे पुरेसे नसते. नळ ज्या चेंबरला मिळतो तिथून तो तोडून दोन्ही टोके काँक्रीटने बंद करावी लागतात. नळाची गळती नेमकी कुठे आहे हे कळत नसेल, तर जुन्या प्लंबरांची एक युक्ती वापरता येते. छपरावरच्या व्हेंट पाइपमधून, म्हणजे गटारातील वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळातून, थोडे पुदिन्याचे तेल आणि पाठोपाठ बादलीभर गरम पाणी ओतावे, आणि दुसऱ्या माणसाने घरात फिरून पुदिन्याचा वास कुठे येतो ते पाहावे. तेल ओतणाऱ्याने लगेच घरात येऊ नये, कारण त्याच्या हातालाच तो वास असतो.

व्हेंट पाइपही तपासावा. हा उभा नळ छपराच्या वर निघालेला असला पाहिजे. त्याच्या तोंडात पक्ष्याचे घरटे किंवा कचरा अडकला, की संडासात पाणी सोडल्यावर शेजारच्या जाळीत गुळगुळ असा आवाज होतो आणि तिच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. हा आवाज ऐकू आला तर ट्रॅप बदलत बसण्याऐवजी आधी छपरावर जावे.

शौचटाकी असेल तर तिचा गाळ दोन-तीन वर्षांतून एकदा सक्शनच्या टँकरने उपसावा आणि झाकणाच्या कडा बंद करून घ्याव्यात. घर घेतल्यावर टाकी शेवटची कधी उपसली हे कोणी सांगू शकत नसेल, तर ती भरलेली आहे असे समजून लगेच उपसून घ्यावी. माणूस आत उतरवू नये, कोणी स्वतःहून तयार झाला तरी नाही. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे १०० भागांपर्यंत गेले की नाकाला तो कळेनासाच होतो, आणि वास येत नाही म्हणून उतरलेला माणूस आतच कोसळतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार पुरेशा संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. हीच खबरदारी अंगणातल्या बुजत आलेल्या आडाबाबत घ्यावी. अनेक जुन्या घरांत आडावर फरशी टाकून त्यात सांडपाणी सोडलेले असते. तो उपसायचा की भरून टाकायचा हे जाणकाराला दाखवून ठरवावे.

ओल

इथे मात्र धीर लागतो. ओल तीन वाटांनी येते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

वरून येणारी ओल ओळखणे सोपे. फुटलेले किंवा सरकलेले मंगळुरी कौल, दोन उतारांच्या मिलनावरची पन्हळ, भिंतीला टेकलेल्या छपराची कड, या तीन जागा पाहाव्यात. कौले शाकारण्याचे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. जूनच्या तोंडावर शाकारणारी माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर घाईत काम करतात. शाकारताना प्रत्येक अंधाऱ्या खोलीवर एक-दोन काचेची कौले बसवून घेतली, तर आत उजेड येतो.

बाजूने येणाऱ्या ओलीचे कारण बऱ्याचदा गल्ली असते. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर पडत गेला आणि पूर्वी जोत्याच्या खाली असलेला रस्ता आता जोत्याच्या बरोबरीला किंवा वर आला, अशी कितीतरी घरे बेळगावच्या गल्ल्यांत दिसतील. पावसाचे पाणी मग भिंतीला टेकून उभे राहते. रस्ता खाली करणे आपल्या हातात नाही, पण भिंतीलगत उताराची सिमेंटची पट्टी करून पाणी दूर नेता येते, आणि आपल्या अंगणाच्या बाजूची भिंतीला लागलेली माती तर हमखास काढता येते. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांची मोरी पलीकडून त्याच भिंतीला लागून नाही ना, हे गोडीने विचारून पाहावे.

जमिनीतून चढणारी ओल साधारण कंबरेच्या उंचीपर्यंत जाते आणि तिथे पांढऱ्या क्षारांची, म्हणजे लोणा लागल्याची, नागमोडी रेघ सोडते. जांभा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पाणी शोषतात आणि हवेत सोडतात. पूर्वीचा चुन्याचा गिलावा त्यांना श्वास घेऊ देत असे. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट दिला, की आतले पाणी कोंडते, अधिक वर चढते, आणि भिंतीच्या पोटात बुरशी धरते. अशा भिंतीचा कंबरेपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढून टाकावा, सांधे खरवडून स्वच्छ करावेत आणि भिंत उघडीच वाळू द्यावी. गवंडी याला विरोध करतो आणि वॉटरप्रूफिंगचे रसायन मिसळून पुन्हा सिमेंट मारू असे सुचवतो. त्याचे ऐकू नये. मग ओल शेजारच्या भिंतीतून वर निघते.

ओल भिंतीतली की हवेतली, हा संशय असेल तर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीची हवाच दमट आहे, आणि तिथे भिंत फोडून काही साध्य होणार नाही.

वाळण्याचा ढोबळ हिशेब असा, की २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो. दीड फूट जाडीच्या भिंतीला त्या हिशेबाने दीड वर्ष लागेल. हा आकडा ऐकून नव्या मालकाचा चेहरा पडतो हे मी पाहिले आहे, परंतु वास जाण्यासाठी भिंत पूर्ण वाळावीच लागते असे नाही. पाण्याची वाट बंद झाली आणि पृष्ठभाग मोकळा झाला की दोन-तीन महिन्यांत फरक कळतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळा इतका लांब आणि दाट असतो की वाळण्याचे खरे महिने कार्तिकापासून वैशाखापर्यंतचेच धरावेत. अथणीकडे पाऊस कमी, त्यामुळे तिथे हे काम निम्म्या त्रासात होते.

भिंतीवर दिसणारी बुरशी कोरड्या ब्रशने कधीही घासू नये, कारण तिचे कण साऱ्या घरात उडतात. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे. भिंत हाताला कोरडी लागू लागली की कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही, आणि तो भिंतीची वाफ अडवत नाही. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळल्यासारखा तापतो, म्हणून तो लोखंडी पिंपात, मुलांपासून दूर, डोळ्यांना चष्मा लावून भिजवावा, रात्रभर ठेवून गाळावा आणि ताकाइतका पातळ करून लावावा. ऑइल पेंटवर मात्र चुना धरत नाही.

गोठा, मांजरे आणि माळ्यावरचे रहिवासी

गोठ्याची खोली आता बैठकीची केली असेल, तर मूत्र शहाबादीच्या सांध्यांतून खालच्या मातीत मुरलेले असते. वरून कितीही फिनाइल ओतले तरी पहिल्या दमट दिवशी वास उठतो. तिथे फरशी उचलून खालची तीन-चार इंच माती काढून टाकावी, चुना पसरावा, आठवडाभर उघडे ठेवावे आणि नवी मुरूम-माती भरून फरशी पुन्हा बसवावी. सांधे पक्के भरावेत. खर्चिक वाटले तरी हा एकच उपाय टिकतो.

मांजराच्या मूत्रातले युरिक आम्ल पाण्याने सहजी विरघळत नाही, म्हणून धुतल्यावर वास गेल्यासारखा होतो आणि पुन्हा येतो. त्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानांत एन्झाइमयुक्त द्रव मिळतो. तो डागावर भरपूर ओतून दिवसभर ओला ठेवावा लागतो. आधी फिनाइल मारले असेल तर त्या एन्झाइमचा उपयोग होत नाही, म्हणून आधी साध्या पाण्याने जागा धुवावी. ब्लीचिंग पावडर मूत्राच्या डागांवर टाकू नये, आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये तर मुळीच मिसळू नये. दोन्ही वेळा विषारी वायू तयार होतो, आणि लहानशा न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो.

माळ्यावर वटवाघळे असतील तर त्यांना मारू नये. संध्याकाळी ती बाहेर पडल्यावर त्यांची वाट जाळीने बंद करावी, मात्र पिल्ले नाहीत याची खात्री करून. त्यांची वाळलेली विष्ठा झाडण्यापूर्वी पाण्याने हलकी भिजवावी आणि चांगला मास्क वापरावा, कारण त्या धुळीत फुप्फुसाला अपाय करणारी बुरशी असू शकते. उंदरांसाठी विष न ठेवता पिंजरा लावावा. विष खाल्लेला उंदीर नेमका जिथे हात पोहोचत नाही अशा भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो. तो सापडलाच नाही तर दोन-तीन आठवडे वास सोसावा लागतो. माश्या कुठे घोंघावतात ते पाहिले तर जागा लवकर कळते.

काजळी आणि धूर

चुलीच्या आणि बंबाच्या धुराने काळवंडलेल्या भिंती व तुळया कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून पुसाव्यात. पुसताना खालून वर जावे, नाहीतर ओघळांचे डाग कायमचे उठतात. मातीच्या भिंतीवर पाणी ओतू नये, पिळलेले फडकेच वापरावे. हे झाल्यावर चुना किंवा प्रायमर द्यावा.

हवा

झरोके आणि समोरासमोरच्या खिडक्या ही जुन्या घरांची मोठी जमेची बाजू. नंतरच्या मालकांनी डासांसाठी, चोरांसाठी किंवा वातानुकूलनासाठी बुजवलेले झरोके शोधून जाळी लावून पुन्हा उघडावेत. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवावा. मात्र जुलै-ऑगस्टच्या झडीत खिडक्या उघड्या ठेवून घर वाळत नाही, कारण बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. त्या दिवसांत पंखे चालू ठेवावेत, कपडे घरात वाळत घालणे शक्यतो टाळावे आणि उघडीप मिळताच सर्व दारे उघडावीत. बाजारात स्वस्तात मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर लावला तर अंदाज बांधावा लागत नाही. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी वाढायला वाव मिळत नाही.

वाटीत ठेवलेला खाण्याचा सोडा बंद कपाटापुरता उपयोगी आहे, खोलीला नाही. धूप आणि कापूर देवापुढे अवश्य लावावेत. वासावरचा उपाय म्हणून लावले, तर शोध लांबतो. ओझोन यंत्र भाड्याने देणारेही आता भेटतात. ओझोन फुप्फुसांना अपायकारक आहे आणि ओल तो काढत नाही.

रंग कधी लावायचा

घर दिवाळीनंतर ताब्यात आले, तर मोरी आणि नळांची कामे पहिल्या महिन्यात, गिलावा काढण्याचे काम डिसेंबरात, फरशी आणि छप्पर फेब्रुवारीपासून मेपर्यंत, असा क्रम जुळतो. वास्तुशांती यातल्या कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते. त्यासाठी चुन्याचा एक हात पुरेसा आहे. पावसाळ्यात घर त्याच चुन्यावर राहू द्यावे. श्रावणात, दोन-तीन दिवस झड लागलेली असताना, घर पुन्हा एक रात्र बंद करून सकाळी शेजारच्या मावशींना बोलवावे आणि खडूच्या जुन्या फुल्या असलेल्या प्रत्येक जागी त्यांना नाक लावायला सांगावे. जिथे त्या नाक मुरडतील तिथले काम बाकी आहे. बाकीच्या भिंतींवर दसऱ्यानंतर, भिंतीला हवा लागू देणारा रंग निवडून, रंगारी बोलवायला हरकत नाही.